सुईदोऱ्याचा सर्व्हे

गावाला आरोग्याच्या बाबतीत नेमकं काय हवंय ते कसं ओळखायचं, हे आशाताईंना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी भलतीच तयारीत होते. चार पानी छापील फॉर्म, प्रत्येक आजाराला वेगळा रकाना. तिरोड्यात दिवसभर मी बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरावासाठी आम्ही बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात गेलो.

पहिल्याच घरी ओसरीत एक आजी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी ताप विचारला, खोकला विचारला, जुलाब विचारले. सगळ्याला नाही. मी खुशीत पान उलटणार, तोच आजी म्हणाली, "मले काही नाही झालं. पण तांदळातला खडा दिसत नाही. दाताले लागला का समजते. हे काऊन नाही लिहून राहिली तू?"

फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. मी तसं सांगू लागले.

आमच्या गटात सगळ्यात जुनी एक आशाताई होती. आदल्या दिवशी तिनं तोंड उघडलं नव्हतं. तिनं पिशवीतून सुईदोरा काढला आणि आजीच्या हातात दिला. आजीनं दोरा ओला केला, डोळे बारीक केले आणि मोठ्या निश्चयानं हवेत ओवला.

शेजारणी जमल्या. एकीनं दोरा इतका चोखला की त्याचा पार कापूसच झाला. दुसरीनं ओवला म्हणून सुई उंच धरली, तर दोरा तिच्या बोटाला चिकटलेला. जाळं विणत बसलेला एक ढीवर काका उठून आला. आपण रोज गाठी मारतो, हे काय अवघड, असं म्हणाला आणि हरला. गाठी तो बोटांनी चाचपून मारत होता, हे तेव्हा त्याच्या बायकोला कळलं. कोणीतरी हसलं आणि मग हसू आवरेचना.

"मॅडमले द्या," जुनी आशाताई शांतपणे म्हणाली.

मी त्रेचाळीस वर्षांची. पहिल्यांदा नेम चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा सुईच खाली पडली आणि ती कोणालाच दिसेना. सगळं प्रशिक्षण गुडघ्यांवर रांगत सुई शोधत होतं. हसून हसून मी तिथंच मातीत फतकल मारून बसले. शेवटी आजीच्या सुनेनं सुई उचलून दिली.

जुन्या ताईनं कोऱ्या वहीत दोरा न ओवता आलेल्यांची यादी केली, त्यात माझंही नाव लिहिलं. पुढच्या घरापासून फॉर्म पिशवीतच ठेवला. आम्ही एकच विचारायचो: घरातलं कोणतं काम आताशा जमत नाही? त्यावर लोक बोलत सुटले. एकाला विहिरीचा रहाट ओढवत नव्हता, एकीला मांडी घालून बसता येत नव्हतं. पण जास्त नावं आली ती डोळ्यांचीच.

यादी पाहून आरोग्य केंद्राचे डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी ती पुन्हा वाचली. महिन्याभरात उपकेंद्रात डोळे तपासले गेले, आणि त्यानंतर चष्मे आले.

आजीला चष्मा द्यायला मी आणि जुनी आशाताई तिच्या घरी गेलो. तिनं तो लावला, आमच्याकडे पाहिलंच नाही, थेट ओसरीच्या भिंतीकडे गेली. आजीनंच पांढऱ्या मातीनं हातानं पोतलेल्या त्या भिंतीवर जागोजाग कोरे पट्टे सुटले होते. आजी सुनेवर उखडली.

"इतके दिवस अशी भिंत ठेवली म्या, अन् तू बोलली कायले नाही?"

सून म्हणाली, तुम्हाला तशीच आवडते असं वाटलं म्हणून गप्प होते. आजीनं पदर खोचला, पांढरी माती कालवायला घेतली. भिंत झाल्याशिवाय चहा मिळणार नाही, असं आम्हाला बजावलं. मग काय, आम्हीही कोपरापर्यंत हात बुडवले.