ऐन मिरचीतला सामना

रनाळ्याच्या गिरधर पाटलाला चेंडू वळवायचा नाद शाळेत लागला आणि शाळा सुटली तरी तो सुटला नाही. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी खळ्याच्या चोपलेल्या जमिनीवर एक खुंटी रोवून तो रोज संध्याकाळी पन्नास चेंडू टाकी. टाकायचा इतका हळू, की पाहणाऱ्याला वाटे, हा पोहोचतो तरी का! पोहोचल्यावर मात्र चेंडू भलतीकडेच वळे. नंदुरबार स्टेशनचा तिकीटबाबू रतिलाल रेल्वेच्या संघाचा कप्तान होता. तो प्रत्येक सामन्याला गिरधरला हटकून बोलावी.

तेहतीस सालच्या हिवाळ्यात विलायतेचा एक संघ सुरतेहून भुसावळकडे जाताना दोन दिवस नंदुरबारला उतरला. पुढे मुंबईला त्यांची आपल्या देशाच्या संघाशी गाठ होती. आपल्या संघात फिरकी गोलंदाजाची एक जागा रिकामी होती, आणि माणूस पारखायला निवड समितीचे एक पारशी गृहस्थ मुद्दाम आले होते. गिरधरला चार रात्री झोप नव्हती.

नेमकं सामन्याच्या पहाटे आभाळ भरून आलं. वाळत घातलेली लाल मिरची ढीग करून झाकायला हवी होती. गिरधर धोतर खोचून निघालेला पाहताच त्याची बायको नर्मदाबाई कुठे निघालात म्हणत आडवी आली.

"आते कथा चालनात? तो चेंडू मिरची उचलाले येई का?"

मिरची उचलून, हात धोतराला पुसून गिरधर गाडीत बसला तो थेट मैदानावरच उतरला. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडचा माणूस डोळ्याला हात लावत नाही. घाम दंडाने पुसतो. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली, की ती कुणाला सांगावी लागते हे गिरधरच्या ध्यानातही आलं नाही.

त्याने सहा गडी बाद केले. लोक टोप्या उडवत होते. पण पाहुण्यांची एक रीत होती: पायाशी थांबलेला चेंडू ते सभ्यपणे उचलून गोलंदाजाकडे फेकत, आणि मग त्याच हाताने कपाळाचा घाम निपटत. तिसरा फलंदाज डोळे चोळत बसला, चौथ्याला समोरचं दिसेना. शेवटी त्यांच्या उंचपुऱ्या कप्तानाने खेळ थांबवला. पारशी गृहस्थांनी चेंडू हातात घेतला, हुंगला, जिभेला लावला, आणि जागच्या जागी नाचायला लागले.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पाटील, मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण हे सहा बळी धरू की नको, तुम्हीच सांगा."

गिरधरने मान खाली घातली. "नका धरू. उद्या पहिल्यापासून टाकतो."

"गिरधरभाई, वेड लागलं का?" रतिलाल ओरडला. "मी पेढे सांगून आलो!"

पाहुण्यांचा कप्तान मात्र दुसऱ्या दिवशी नव्या चेंडूवर नवा डाव खेळायला आनंदाने तयार झाला.

घरी आल्यावर गिरधर जेवेना. "मन्हा चेंडू वळस, का नुसती मिरची वं?"

"मले काय इचारतस? हात धुवा नि टाकी दखा," म्हणत नर्मदाबाईने ताकाची परात पुढे सरकवली. मग तेल, मग राख, मग पुन्हा ताक. सकाळी तिने त्याला मिरचीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही.

मैदानात उतरताच गिरधर पारशी गृहस्थांसमोर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्याने स्वतःचे डोळे खसाखसा चोळले. सगळे श्वास रोखून बघत राहिले. त्याने डोळे उघडले. कोरडे ठाक.

पहिल्याच षटकात कप्तानाने तीन चौकार मारले. रतिलालने कपाळाला हात लावला.  गिरधरला एकदा वाटलं, जोरात टाकावा. पण तो थांबला, आणि पुढचा चेंडू आणखी हळू टाकला. कप्तान पुढे आला, बॅट फिरवली. चेंडू तिच्याखालून आत वळला आणि मधली दांडी आडवी झाली. कप्तान परत जाताना मोठ्याने हसला आणि गिरधरचा हात धरून त्याने तो दोन-तीनदा जोरजोरात हलवला. त्या दिवशी पाच गडी पडले.

मुंबईचं बोलावणं आठवड्यात आलं. गिरधर देशाकडून चार सामने खेळला, त्यांतला एक थेट विलायतेत, आणि मग गुडघा दुखावल्यावर कुरकुर न करता शेतीकडे वळला. पुढे कितीतरी वर्षं स्टेशनवर कुणी विचारलं, पाटील, गोऱ्यांचे गडी किती घेतले, की रतिलाल तिकिटाच्या खिडकीतूनच ओरडे, "पंचवीस!"

"एकोणीस," गिरधर म्हणे.

"अरे, ते सहा?"

"ते नर्मदाबाईच्या मिरचीचे. तिला विचार."