नुझाचे फुगे आणि हौदाचं पाणी

माझी नणंद नुझा मुलींच्या शाळेत शिपाईण म्हणून लागली त्याला आता एकतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात शाळेने पाच मुख्याध्यापिका बदलल्या. नुझा म्हणते, "शाळेने नाही, मी बदलल्या."

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, साबणाच्या कारखान्यात शिक्का मारायचे. ऑलिव्हच्या तेलाचा साबण दिवाणखान्याएवढ्या जमिनीवर ओतायचा आणि थिजला की सासरे त्यावर वाकून, दोन्ही हातांत शिक्क्याच्या हातोड्या धरून, टकाटक वडीवडीवर छाप उठवत जायचे. नुझा त्यांचा डबा घेऊन जायची आणि येताना काठाचे तुकडे झग्याच्या ओच्यात भरून आणायची. त्यामुळे आमच्या नाब्लुस गावच्या साबणाविरुद्ध तिच्यापुढे कोणी ब्र काढायचा नाही. तशी मीही काढत नाही.

शाळा सुटली की लांबच्या वस्तीतल्या पंचवीस-तीस मुली गाडीची वाट बघत तासभर पायऱ्यांवर बसायच्या आणि एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. एकदा फरशी पुसता पुसता नुझाने बादलीत हँगरची तार बुडवली आणि फुंकर मारली. मुलींच्या हातांतल्या वेण्या सुटल्या. त्या दिवसापासून बादली तिची राहिली नाही.

रहफ नावाची एक सहावीतली मुलगी होती, जिभेला हाड नसलेली. ती नुझा खालाला, म्हणजे नुझामावशीला, म्हणाली, "खाला, तार चौकोनी केली तर फुगा चौकोनी येईल. लाव पैज."

"लावली. हरलीस तर आठवडाभर पायऱ्या तू झाडायच्या."

फुगा गोलच आला. मग तिने तारेचा त्रिकोण केला, चांदणी केली, शेवटी मांजर केली. गोलच.

"असं का गं खाला?"

"साबणाचा पापुद्रा चिक्कू असतो," नुझाने सांगितलं. विज्ञानाच्या बाई शिकवत असताना दाराबाहेरची फरशी ती जरा जास्तच वेळ पुसायची, हे मला ठाऊक आहे. "तो सारखा आखडायला बघतो. हवा आत तेवढीच, पण कापड कमीत कमी लागलं पाहिजे. त्यात गोलाइतकं काटकसरीचं दुसरं काही नाही."

रहफने आठवडाभर पायऱ्या झाडल्या, तोंड फुगवून.

पण थंडीत अंगणात वारा असा येतो की फुगा तारेवरून सुटायच्या आधीच फुटतो, आणि मुली कुडकुडतात त्या वेगळ्याच. तळमजल्यावर एक रिकामी खोली होती, एका खिडकीची. नुझाने ती त्या तासापुरती मागितली. मुख्याध्यापिका सित्त इनआम, म्हणजे इनआमबाई, नुझाच्या हिशेबाने सहाव्या, बाई शिस्तीच्या पण वाईट नव्हेत. त्या खोलीत त्यांना छपाईचं नवं यंत्र ठेवायचं होतं.

"गुरुवारी मुलींच्या आया येणार आहेत त्यांचं काम बघायला," त्या म्हणाल्या. "एक टेबल तुला देते. मुली नुसत्या खेळत नाहीत, काही शिकतात, हे मला दिसलं तर खोली तुझी. नाही दिसलं तर यंत्राची."

"दिसेल," नुझा म्हणाली. हिला कधी 'बघू' म्हणता आलंय?

आणि इथेच तिने माती खाल्ली. अंगणातले फुगे बाजारच्या बाटलीतल्या साबणाचे होते. पण आयांसमोर, नाब्लुसमध्ये, बाटली? तिने कपाटातून सासऱ्यांच्या शेवटच्या सालातली, त्यांच्या हातच्या शिक्क्याची वडी काढली. आणि नळाचं पाणी कशाला म्हणून डबा घेऊन झऱ्यावर गेली. आमच्या गावात झऱ्याच्या पाण्यासारखं पाणी नाही आणि आमच्या साबणासारखा साबण नाही, हे दुधाच्या दातांसोबतच येतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने सित्त इनआमना रंगीत तालीम दाखवली. साबण किसला, पाण्यात ढवळला. फेस नाहीच. पाणी फाटल्यासारखं झालं, वर पांढरे गोळे तरंगायला लागले.

सित्त इनआमनी वाकून बघितलं. "नुझा, हे फुगे आहेत की चक्का?"

मुली हसल्या. रहफ सगळ्यात जास्त.

"बाजारची बाटली आण आणि मोकळी हो."

"नाही आणणार."

"मग यंत्र उद्या सकाळीच येतंय. खोली झाडून ठेव."

नुझा तशीच माझ्याकडे आली. मी ओट्याशी भिजलेले हरभरे निथळवत होते.

"वहिनी, बाबांचा साबण जुना होऊन खराब झाला असेल का गं?"

"तुझे बाबा पुष्कळदा चुकायचे, पण साबणात कधी नाही."

ती हरभऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे कुठल्या पाण्यात भिजवलेस?"

"हौदातल्या. पावसाच्या. झऱ्याच्या पाण्यात हरभरे दिवसभर शिजवलेस तरी दगड."

"का?"

"मला काय विचारतेस? माझी आई तसं करायची."

"हो ना. आणि आपण केससुद्धा हौदाच्याच पाण्याने धुतो." एवढं बोलून ती उठली.

तिने लोणच्याच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत झऱ्याचं पाणी, एकीत हौदाचं. दोन्हींत साबणाचे तीन तीन कीस. झाकण लावून दोन्ही दहा दहा वेळा हलवल्या. झऱ्याच्या बरणीत चक्का. हौदाच्या बरणीत झाकणापर्यंत फेस.

"म्हणजे झऱ्याने केलं हे."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "माझं माहेर त्या झऱ्याच्या बाजूला आहे."

"अगं वहिनी, किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो, तो काय आहे? डोंगराचा चुना. झऱ्यातून डोंगरच विरघळून येतो. साबण आधी त्याच्याशी भांडतो, मग फेसाला उरतो कुठे? पावसाने अजून डोंगर बघितलेलाच नाही."

फुगे आले, पण टिकेनात, लगेच सुकून फुटत. मी कुनाफ्याच्या मिठाईसाठी साखरेचा पाक चुलीवर ठेवला होता. नुझाने त्यातला डाव उचलला. "लिंबू पिळलंस?"

"अजून नाही."

"बरं झालं. आंबट लागलं की साबण फाटतो." निवलेला डावभर पाक तिने साबणात घातला. पाक ओल धरून ठेवतो म्हणे. खरं असावं, कारण पुढचा फुगा अंगणभर हिंडला आणि माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसला. त्या दिवशी कुनाफा जरा कमी गोड झाला.

गुरुवारी मीही आयांमध्ये जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ही चक्का लपवेल. हिने टेबलावर सगळ्यात पुढे तीच बरणी मांडली.

"काल माझं हे झालं," तिने सरळ सांगून टाकलं. "आणि याच साबणाचं हे." शेजारी दुसरी बरणी. "सांगा, फरक कशाचा?"

"हात हलवण्याचा," एक मुलगी म्हणाली.

"मग तू हलव, तुझ्या हाताने."

तिने हलवल्या. चक्का तो चक्काच, फेस तो फेसच. सित्त इनआम हाताची घडी घालून उभ्या होत्या. रहफने दोन्ही बरण्या उजेडाला धरल्या, मग हळूच म्हणाली, "पाणी वेगळं आहे, खाला."

नुझाने झरा, डोंगर, किटली सगळं सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "अगंबाई, म्हणून माझे हरभरे!" सगळ्या हसल्या, पण या वेळी नुझाला नाही.

मग तिने तारेचं मोठं कडं साबणात बुडवलं. आत दोऱ्याचा एक फास सैल बांधलेला होता. पापुद्र्यावर तो कसाही वेडावाकडा पडला होता.

"सित्त, कोरडं बोट फासाच्या आत लावा. आतच."

बाईंनी बोट लावलं. आतला पापुद्रा फुटला आणि तो वेडावाकडा दोरा एका क्षणात परकाराने काढावा तसा गोल झाला.

सित्त इनआम कड्यावर वाकल्या. "कोणी ओढलं त्याला?"

"बाहेरच्या पापुद्र्याने," रहफ म्हणाली. "चिक्कू असतो तो. सगळ्या बाजूंनी आखडतो."

"पुन्हा बुडव."

तिसऱ्यांदा बाई कडं स्वतः बुडवत होत्या, तेवढ्यात दोन माणसं भलंमोठं खोकं घेऊन दारात आली. "यंत्र आणलंय. खालच्या खोलीत ठेवायचं ना?"

बाईंनी मान वर केली नाही. "माझ्या खोलीत ठेवा."

आता ते यंत्र त्यांच्या टेबलामागे घरघरतं, आणि खालच्या खिडकीत त्या दोन बरण्या असतात. आमच्याकडे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, आणि नुझा दर रविवारी सकाळी माझ्या दारात उभी. "वहिनी, हौदाच्या दोन बादल्या."

मी देते. हरभरे आधी भिजवून घेते, मग देते.