गुरुवारचा खाडा

धीर हा प्रकार माझ्या अंगात मुळातच नाही. दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहायचं म्हटलं तरी मी दोनदा गॅलरीत जाऊन येते, आणि ते उतू गेलं की आईची बोलणी खाते. अशा बाईनं जिवाणूंवर पीएच.डी. करायला घेतली. जिवाणूंचं काम म्हणजे निम्मा वेळ नुसती वाट बघायची. माझ्या गाईडनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "तुला दुसरा काही विषय नाही का गं सुचत?"

विषय तसा साधा होता. चाकणच्या बाजारात कांद्याची गोणी उघडली की काही कांदे हमखास काळे निघतात. ती काळी बुरशी रोखून धरणारा एक जिवाणू मला तिथल्याच मातीत सापडला होता. त्याच्यात बाहेरून एक जीन घालायचं आणि तो आणखी जोमदार करायचा. पण बाहेरून जीन घालायचं म्हटलं की विद्यापीठाच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. ती येईपर्यंत मूळ जिवाणू वाढवत बसायचं, त्याला बोट लावायचं नाही. समिती वर्षातून दोनदा बसायची, आणि माझी फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. ऑक्टोबरच्या बैठकीत हो म्हणाले तर मार्चपर्यंत काम मार्गी लागलं असतं. नाही म्हणाले तर फेलोशिप गेली, आणि बहुधा विषयही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. सांगवीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की आई म्हणाली, "खालच्यांना वाटेल वर गिरणी घातली."

बैठकीला चार दिवस असताना मेल आला: ऑटोक्लेव्हचं गेल्या तीन महिन्यांचं रजिस्टर सोबत आणा. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. प्रयोगातली सगळी घाण, जिवाणू वाढवलेल्या बशा, पिशव्या, त्यात दाबाखाली शिजवून मारायच्या आणि मगच कचऱ्यात द्यायच्या. मशीन लावायचं काम लॅबच्या मावशींचं, तापमान न् वेळ लिहून ठेवायचं काम माझं. मावशी खेडकडच्या एका गावातल्या, कंत्राटदाराच्या पगारावर. सकाळी घरचं उरकून यायच्या, काम करायच्या, दुपारी जायच्या. दोन वर्षांत आमचं बोलणं 'मावशी, बशा झाल्या का' याच्या पुढं गेलं नव्हतं.

रजिस्टर उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या दोन दिवसांनंतर पानं कोरी. उद्या लिहू, उद्या लिहू, असं करत मी तीन महिने काढले होते. मशीन रोज चालतंय हे मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. मग काय, रविवारी जेवणाच्या टेबलावर बसले आणि सगळं एका बैठकीत भरून टाकलं. एक निळं पेन, एक काळं. एकशे एकवीस डिग्री, पंधरा पौंड, तीस मिनिटं. सहीच्या जागी नुसती रेघोटी, ती कोणाचीही असू शकली असती. खरं दिसावं म्हणून एका पानावर चहाचा थेंबही पाडला. रविवार तेवढे आठवणीनं सोडले. आईनं विचारलं, "एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, "हजेरी." आणि स्वतःवर खूश झाले, याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

बैठकीच्या दिवशी चाकणपुढच्या आमच्या कॅम्पसची बस मोशीपर्यंत धावली आणि चाकणच्या तळेगाव चौकात अडकली. पुढं ट्रेलर, मागं कंपन्यांच्या बसेस. मी उतरून चालत निघाले, मग बस मला ओलांडून पुढं गेली. पोचले तेव्हा घामानं निथळत होते.

समितीत अध्यक्ष होते, आमच्या विद्याशाखेतले ज्येष्ठ प्राध्यापक. आणखी दोन प्राध्यापक, पडद्यावर दिल्लीहून बोलणारे सरकारी प्रतिनिधी, आणि एक डॉक्टर. समितीत एक डॉक्टर असावाच लागतो, म्हणून चाकणमध्ये दवाखाना चालवणारे हे वयस्क गृहस्थ घेतले होते. बोट मशीनमध्ये सापडलेले, डोळ्यात लोखंडाचा कण गेलेले कामगार त्यांच्याकडं यायचे. जीनबद्दल ते काही विचारणार नाहीत अशी माझी खात्री होती, आणि त्यांनी खरोखरच काही विचारलं नाही. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं.

माझं बोलणं चांगलं झालं. दिल्लीवाले मान डोलावत होते. तेवढ्यात चहा आला, माझ्यापुढं कप ठेवला गेला. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि अध्यक्षांना विचारलं, "हे मशीन जनरेटरवर आहे का हो?"

"छे. एवढा लोड नाही घेत तो."

"मग गुरुवारी कसं चाललं?"

चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. कंपन्या बंद, म्हणून विजेची दुरुस्तीही गुरुवारीच, आणि सकाळी गेलेली लाइट दुपार उलटल्यावर येते. कॅम्पसवर जनरेटरमुळं दिवे, पंखे, फ्रीज सगळं चालू राहतं. मी गुरुवारी आपली कॉम्प्युटरसमोर बसलेली. शेजारच्या खोलीत मशीन थंड पडलंय हे माझ्या गावीही नव्हतं.

"तेरा गुरुवार आहेत यात," डॉक्टर म्हणाले. "तेराही गुरुवारी एकशे एकवीस डिग्री. माझ्या दवाखान्यात तर गुरुवारची अवजारं बुधवारीच उकळून ठेवावी लागतात."

अध्यक्षांनी समोर आलेला कप घेतला आणि दुसरा हात झटकला. "अहो, ती अटेंडंट बाई भरत असेल. कंत्राटी माणसं, डोळे झाकून आकडे टाकतात. कंत्राटदाराला सांगतो, बदलून देईल. त्यापायी हिचं प्रपोजल कशाला अडवायचं?"

एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं, की सर, ते अक्षर माझं आहे. मी कपातल्या सायीकडं बघत बसले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. मी मूग गिळून बसले ती बसलेच. मग दिल्लीवाल्यांचा पडदा गोठला आणि अध्यक्ष म्हणाले, दहा मिनिटं थांबू या.

खुर्चीत बसवेना. उठले आणि मशीनच्या खोलीत गेले. मावशी एप्रन बांधत होत्या.

"मावशी, गुरुवारी मशीन बंद असतं?"

"असतंय की."

"मग त्या दिवशीच्या पिशव्या कुठं जातात?" तीन महिने दर गुरुवारी मी जिवंत जिवाणू गावच्या कचऱ्यात पाठवले असतील, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

त्यांनी एप्रनची गाठ मारली. मग कोपऱ्यातल्या झाकणाच्या ड्रमचं कुलूप काढून दाखवलं. "ह्यात ठिवती. वरून औषधाचं पाणी वतती. शुक्रवारी साडेसातला येती न् दोन खेपा लावती."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोण सांगनार? जित्ती घाण गाडीत कशी टाकायची?"

दारामागं भिंतीवरचं कॅलेंडर होतं. घरात दुधाचा खाडा मांडतो तसा प्रत्येक गुरुवारच्या चौकटीत फुली, आणि शुक्रवारी दोनचा आकडा. मागची पानं उलटली. एकही गुरुवार सुटला नव्हता.

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, आत गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. रजिस्टर मी भरलंय, एका दिवसात, घरी बसून. मावशींनी त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि खरी नोंद ही आहे. अध्यक्षांचा चेहरा पडला. डॉक्टरांनी तिन्ही महिन्यांची पानं सावकाश पाहिली आणि कॅलेंडर माझ्या हातात परत दिलं. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. मला लेखी समज मिळाली. मशीनला जनरेटरची वेगळी लाइन टाकायचं ठरलं, ती अजून यायची आहे. मावशींना कोणी बदललं नाही.

मार्चमध्ये फेलोशिप संपली. विषय तेवढा गाईडनी सोडू दिला नाही. मी भोसरीच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागले, आणि उरलेल्या वेळात लॅब. एप्रिलच्या बैठकीसाठी पुन्हा अर्ज भरायला घेतला, त्यात एक रकाना वाढला होता: कचरा निर्जंतुक करण्याची जबाबदारी कोणाची, नाव. मला एवढा आनंद झाला की अर्ज घेऊन मी पळतच मशीनच्या खोलीत गेले. मावशींचं नाव दिल्लीपर्यंत जाणार होतं, आणि ते मी घालणार होते.

"माझं नगा घालू," मावशी म्हणाल्या.

"अहो, पण काम तुमचंच आहे. तुमच्याइतकं नीट कोणी केलं?"

"काम करती की. नाव नगं. उद्या काय झालं तर नाव आसंल त्यालाच धरत्यात."

"मी आहे ना. मी धरू देईन का?"

त्या पिशवीला गाठ मारत होत्या. गाठ पक्की झाल्यावर म्हणाल्या, "त्या दिशी शिपाई रजेवर व्हता, मॅडम. आत चहा म्याच आनला व्हता."

माझ्यापुढं कप ठेवणाऱ्या हाताकडं मी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"पण मावशी, मी सांगितलं ना सगळं. लगेच सांगितलं."

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "क्यालेंडर घावल्यावर."

मशीनचं झाकण त्यांनी लावलं, चावी फिरवली, आणि काटा चढायची वाट बघत स्टुलावर बसल्या. मी अर्ज घेऊन बाहेर आले. रकान्यात माझं नाव लिहिलं. आता दर शुक्रवारी साडेसातला मी त्या खोलीत असते, दोन खेपा होईपर्यंत, अर्धा तास आणि अर्धा तास. त्या स्टुलावर बसतात, मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारते. रजिस्टर मी लिहिते. कॅलेंडरवर दोनचा आकडा मात्र त्याच टाकतात, पेन मला देत नाहीत.