कडूबाचं तेल आणि ओसरीवरचे बुवा

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात कडूबानं उमेदीची सगळी वर्षं यंत्रांना तेल घातलं. त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते कोरडं पडूनच, असं त्याचं ठाम मत झालं होतं. मोताळ्याजवळच्या आपल्या गावी परतल्यावर त्याच्या वाट्याला एकच यंत्र उरलं, झुंबरबाई पाटलीणबाईंचा ग्रामोफोन. त्याचं हँडल मारण्याचा मान कडूबाचा. गावात त्याला दुसरा कुठलाच मान नव्हता, म्हणून हा तो जिवापाड जपत असे.

ग्रामोफोन जुनाच घेतलेला, आला तोच दमलेला, हळू फिरणारा. कडूबानं पहिल्या दिवसापासून त्याला सरकीचं तेल पाजलं. तबकडीही एकच, भजनाची. तिच्यावरचा नावाचा कागद झुरळांनी खाल्लेला. पण त्या भरदार, संथ आवाजावरून गाणारे कोणी वयस्कर बुवा आहेत, हे गावानं ठरवून टाकलं होतं. बुवा गाऊ लागले की झुंबरबाई पदर सारखा करत. शारदा आणि वासंती, दोन्ही सुना, माजघराच्या दाराआडून ऐकत. परका पुरुष ओसरीवर गातोय म्हटल्यावर दुसरं काय करणार?

पुढे युद्धाच्या वर्षांत बुवांचा आवाज बसत बसत पार विहिरीत गेला.

“कडूबा, बुवा गाऊन राह्यले का कण्हून राह्यले?” झुंबरबाईंनी विचारलं.

“कोरडा पडला जी. तेल देतो.”

“तेल पेऊन पेऊनच असा झाला. एकादशीले नाई सुधरला, तर हँडल शाळेतल्या मास्तरच्या हाती जाईन.”

कडूबानं पेटी घरी नेली. त्यानं सुई बदलली. तबकडीला बोटानं ढकलून पाहिलं. शेवटी चावी पुरती उतरू दिली आणि पेटी उघडली. आत वेग आवरणारे छोटे गोळे सुटे फिरायला हवेत. ते काकवीत पडलेल्या माश्यांसारखे बसले होते. त्यानं बोट लावलं, तर बोटही चिकटलं. ही काकवी त्यानंच पाजलेल्या तेलाची होती.

रॉकेल रेशनकार्डावर मोजून मिळायचं. त्यानं घरच्या कंदिलातलं ओतून घेतलं आणि चिंधीनं एकेक गोळा पुसायला बसला.

“जनमभर तेल टाकलं, अन् आता पुसून राह्यले?” बायको रुखमाबाई म्हणाली.

“हळू बोल. भिंतीपलीकडं माणसं राह्यतात.”

एकादशीला ओसरी भरली. कडूबानं हँडल मारलं, सुई टेकवली आणि पेटीतून एक तरणी बाई खणखणीत गाऊ लागली.



“बुवा कुठं गेले बे?” शेजारच्या महादेवरावांनी विचारलं.

“आतून मळ काढला,” कडूबा म्हणाला. “हेच निंघालं.”

झुंबरबाईंनी कडवं पुरतं ऐकलं. मग माजघराकडे वळून म्हणाल्या, “बाईमाणूस हाय. काऊन आत बसल्या? या बाहेर.”

सुना आल्या, मागोमाग आळीतल्या बायका आल्या. पुरुष मुकाट्यानं अंगणात उतरले. कडूबाही उठला.

“तू कुठं चालला? हँडल कोण मारीन?” झुंबरबाई म्हणाल्या.

तेव्हापासून कडूबा खाली मान घालून ओसरीवर जाई, हँडल मारी, सुई ठेवी आणि गाणाऱ्या बाईकडे नजर न टाकता अंगणात येऊन उभा राही.