वरसेचं बटण, पेणची बेल

सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा त्यांचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, नवरा-बायको, दोघंही धाटावच्या कारखान्यात शिफ्टला गेलेले. संध्याकाळी दूधवाला आला, त्याला खिडकीतून आवाज आला, आणि त्याने शेजाऱ्यांना बोलावलं. हाड मोडलं नव्हतं. पण सगळी दुपार त्या ओल्या फरशीवर पडून होत्या.

तेव्हापासून माझ्या बायकोने एकच धोशा लावला, आईला रोह्याजवळच्या वरसेहून आपल्याकडे पेणला आणायचं. सासूबाईंचं उत्तरही ठरलेलं.

"जावयाच्या घरी पाव्हनी म्हनून चार दिस बरं. कायमचं नाय. माझी चूल हाय, माझं दार हाय."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"तुझ्या घरी पडले तर काय उडी मारून उठनार हाय का गो?"

मी मधला मार्ग सुचवला. गळ्यात घालायचं बटण. ते दाबलं की आमच्या पेणच्या घरी बेल वाजणार. त्यांच्या पडवीत कॅमेरा लावू, त्यात आम्ही बघणार आणि जे कोणी जवळ असेल, शेजारी किंवा भाडेकरू, त्यांना फोन करणार. बायको तयार झाली, पण अट घालून. "दिवाळीपर्यंत बेल भरवशाची झाली तर आई तिथे. नाही झाली तर मी तिला घेऊन येणार. मग तिचंही ऐकणार नाही आणि तुमचंही."

सासूबाईंचं राहतं घर आता माझ्या बटणावर येऊन ठेपलं होतं.

मी डोलवीच्या पोलाद कारखान्यात एका कंत्राटदाराकडे मोजमापाची उपकरणं सांभाळतो. यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणं हे रोजचंच, म्हणून मला हे एका रविवारचं काम वाटलं. तयार अ‍ॅप मिळत होती, पण त्यांचा निरोप कुठल्यातरी परक्या संगणकावरून फिरून येणार. तो बंद पडला तर मला कळणारही नाही. म्हणून मी इंटरनेटवरूनच दोन घरांमध्ये थेट, खाजगी वाट काढली. मी वरसेला, बायको पेणला बेलसमोर फोन धरून. सासूबाईंनी बटण दाबलं.

"वाजली?"

"नाही."

"आता?"

"अहो, वाजली की सांगेन ना!"

कारण सापडलं तेव्हा हसावं की कपाळ बडवावं कळेना. नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा पत्ता असतो. पेणच्या बेलचा पत्ता १९२.१६८.१.२०. बटणाची हाक पुढे पाठवणारा बॉक्स वरसेच्या घरात होता, त्याला मी तोच सांगितला होता. पण बहुतेक राउटर कारखान्यातून तेच आकडे घेऊन येतात, त्यामुळे वरसेच्या घरातले पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होत होते. आणि तिथे वीस नंबरवर सासूबाईंचा टीव्ही होता. निरोप घराबाहेर पडतच नव्हता. त्या मदतीला हाक मारत होत्या ती आपल्याच टीव्हीला.

एका घराचे आकडे बदलले की काम झालं असतं. पण वरसेचा राउटर केबलवाल्याच्या ताब्यात आणि भाडेकरूही त्याच लाइनवर. तो म्हणाला, "काका, बदला खुशाल, पण लाइन गेली की मला फोन करू नका." इकडे आमच्या छतावरच्या सोलरच्या यंत्राचा पत्ता बसवणाऱ्याने आतच कायमचा घातलेला, आणि बसवणारा फोन उचलत नव्हता.

कंपनीत दोन शेड जोडताना हीच अडचण आलेली मी पाहिली होती. तिथे पत्त्यांना हात न लावता मध्ये फायरवॉल बसवली होती. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार. कोणाला आत सोडायचं ते ती ठरवते, आणि सांगितलं तर निरोपावरचा पत्ता दारातच बदलूनही देते. मी दोन्ही घरांत एकेक लहान फायरवॉल लावायचं ठरवलं. वरसेहून पाहिलं तर पेणचं घर १०.१०.१ दिसेल, पेणहून पाहिलं तर वरसेचं १०.२०.१. शेवटचा आकडा तोच राहील. बेल आपल्या घरात १९२.१६८.१.२०, पण वरसेहून हाक मारताना १०.१०.१.२०.

फायरवॉलचा नवा बॉक्स भिंतीवर ठोकण्यापूर्वी मी हे सासूबाईंना सांगितलं. घर त्यांचं होतं. वाल सोलता सोलता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे हिच्या नावासारखं," शेजारी बसलेल्या लेकीकडे बघत त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलं नाही. मग बायको हसायला लागली. माझ्या बहिणीचं आणि हिचं नाव एकच होतं. म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात मी अंगठीने हिचं नवं नाव लिहिलं. माहेरी मात्र ती अजून जुन्याच नावाची. लग्नानंतर सासूबाईंनी पेणला पहिला फोन केला आणि सवयीने जुनं नाव घेतलं, तर फोनवर आली माझी बहीण.

"तिला मी इचारलं, जेवलीस का गो? ती म्हनते, तुम्ही कोन?" सासूबाई म्हणाल्या. "तवापास्नं पेणला फोन केला की सासरचं नाव. हितं आली की आपलं जुनं."

"अगदी तसंच, आई."

"मंग तुमच्या घरातलं समदं हितं दिसनार?"

"नाही. तुमचं बटण आमच्या बेलपर्यंत जाईल, आमचा फोन तुमच्या पडवीतल्या कॅमेऱ्यापर्यंत येईल. बाकी सगळं अडवलेलं."

"ब्येस झालं. लेकीच्या संसारात मला डोकवायचं नाय. आनि तिलाबी सांगा, माझ्या चुलीत डोकवू नको."

त्या रविवारी पेणला बेल वाजली. पण सासूबाईंच्या बटणावरचा हिरवा दिवा लागेना. हाक पोचली की तो लागायला हवा होता. मी फक्त घेणाऱ्याचा पत्ता बदलला होता. पाठवणारा वरसेचा बॉक्स पेणला दिसला तो १९२.१६८.१.३० या त्याच्या घरच्याच पत्त्याने, आणि बेलने पोच दिली ती आमच्या घरातल्या तीस नंबरला, म्हणजे प्रिंटरला. बायको म्हणाली, बेल वाजली ना, झालं तर. मला ते पटेना. फरशीवर पडलेल्या माणसाला कोणीतरी ऐकलंय हे कळायला नको? पुढच्या रविवारी मी जाणाऱ्या निरोपावर पाठवणाऱ्याचाही पत्ता बदलला, १०.२०.१.३०. दिवा लागला. मग सासूबाई कंटाळेपर्यंत त्यांना बटण दाबायला लावलं, आणि दिवा एकदाही चुकला नाही.

नवरात्रात, दुपारी साडेतीनच्या सुमारास, बेल वाजली. त्या दिवशी सुट्टी असल्याने मी घरी होतो. कॅमेऱ्यात पडवी रिकामी. बायकोने भाडेकरू बाईंना फोन लावला. त्या पहिल्या शिफ्टहून नुकत्याच परतल्या होत्या, तशाच खाली धावल्या. आम्ही वरसेला पोचलो तेव्हा सासूबाई पडवीत खुर्चीवर होत्या, पाय स्टुलावर, घोट्याला बर्फ. मागच्या दाराच्या पायरीवरून घसरल्या होत्या. रोह्याला नेऊन पायाचा एक्स-रे काढला. नुसता मुरगळलेला.

"घाबरलीस का?" बायकोने विचारलं.

"दिवा लागला. मंग कशाला घाबरू? पडल्या पडल्या म्हटलं, आता ही येनार नि मला बोलनार."

बायको त्यांच्या पायाला क्रेप बँडेज गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मागच्या पायरीला कठडा करून घेऊया. आणि राहा तू इथेच."

"राहनारच हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

परतताना कोलाड सोडायच्या आत बायकोला झोप लागली. आई पहिल्यांदा पडल्या तेव्हापासून तिची झोप उडालेलीच होती. खांब गावाच्या पुढे रस्ता उखडलेला आहे. मागचे गाडीवाले हॉर्न मारत होते, तरी मी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ठेवली.