खोकल्याची खबर

आचऱ्याच्या आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण बाबांचा भरवसा आईच्या खोकल्यावर. चुलीत ओली सोडणं, म्हणजे नारळाची सालं, धुमसायला लागली की आई खोकायची. तो आवाज स्वयंपाकघरातून येतोय तोवर बाबा परसात माडाखाली निवांत विडी ओढत. आवाज जवळ आला की विडी मातीत आणि बाबा माडाला नारळ किती लागले ते बघण्यात गर्क.

मग आईला विहिरीवरून घरापर्यंत येतानाच दम लागायला लागला. मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं, "घरातला धूर बंद करा, नाहीतर या छातीचं काही खरं नाही." मी पार हबकले. घरी सरकारी योजनेतला गॅस होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. एरवी सिलिंडर क्रोशाचं कव्हर घालून नव्या नवरीसारखा कोपऱ्यात बसलेला.

मी कव्हर काढलं तशी बाबांनी कडाडून हरकत घेतली. "गॅसार केलेल्या बांगड्याच्या तिकल्याक चव येणा नाय!"

शेवटी गाऱ्हाणं घालून तोड निघाली. आमच्याकडे देवाला साकडं घातल्याशिवाय काही नवं सुरू होत नाही. नारळ ठेवून बाबा गरजले, "बा देवा म्हाराजा! आजपासून ह्या घरात गॅसार जेवाण होताला. तेका चुलीची चव येवंदे आणि हिचो खोकलो जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी ओरडलो. घरातल्या सगळ्यांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि एकदा म्हटलं की माघार नाही.

देवाने दुसरं मागणं ऐकलं. चवीचं अजून विचाराधीन आहे. आईचा खोकला हळूहळू उतरला.

एका सकाळी आम्ही दोघी घावणे काढत होतो. मागचं दार धाडकन उघडलं आणि बाबा लुंगी सावरत आत धावले. चेहरा पांढराफटक.

"गो! खोकणस नाय कित्याक? बरी आसस मां?"

"माका काय धाड भरली? घावणे घालतंय," आई म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. हातात पेटती विडी.

मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही. तिने शेगडी बंद केली, फळीवरचा नारळ समोर ठेवला आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालणं हा बाबांचा मान, तिने जन्मात कधी घातलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात आजून एक चूल धुमसताहा. जो माज्यासाठी इतको घाबारता, तेका ती विझवूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी जोरात म्हटलं.

बाबांचं 'व्हय' बाकी होतं. आई हात जोडून तशीच उभी.

त्यांनी एकदा विडीकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग थंड चुलीपाशी वाकून विडी राखेत चुरडली.

"व्हय म्हाराजा," ते पुटपुटले.