म्होरकीची उडी

बेलापूर सोडून उरणकडे निघालं की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असा रस्ता लागतो. सुट्टीच्या दिवशी लोक गाड्या काढून खास तिथं येतात, कडेला उभं राहून फोटो काढतात, आणि मग नाकाला रुमाल लावून विचारतात, हा वास कसला? तो वास आमच्या गोठ्यांचा. त्या रस्त्याच्या कडेनं लहान लहान गावं आहेत. भातशेती गेल्यावरही ज्या थोड्या घरांनी म्हशी सोडल्या नाहीत, त्यांत माझं माहेर होतं. वास येतो तर येऊ नका, असं मी एकदा एका बाईंना तोंडावर सांगितलं. बाबांना ते आवडलं नाही. "बाय, रस्ता काय आपला हाय? गप ऱ्हावं," म्हणाले. रस्ता कुणाच्या जमिनीवरून गेला हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

गोठा रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आणि चरायचं खाजण, म्हणजे खाडीलगतची गवताळ खारी जमीन, पलीकडे. पुढं चालणाऱ्या म्हशीला आम्ही म्होरकी म्हणायचो. ती रस्त्याच्या कडेला थांबायची, गाड्यांत फट पडली की निघायची आणि बाकीच्या तिच्या मागून. बसचे ड्रायव्हरसुद्धा तिला ओळखायचे. मग एक दिवस खाजणाच्या तोंडाशी पत्रे उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून म्हशी गोठ्यातच बांधलेल्या असायच्या, आणि माझा मोठा भाऊ वाशीच्या बाजारातून कोबीफ्लॉवरचा पाला टेम्पोत भरून आणायचा. त्या पाला खायच्या. पण सकाळी नेहमीच्या वेळेला सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे वळायची, ते बघवायचं नाही.

आमच्याकडे दिवाळीतल्या पाडव्याला म्हशींना विस्तवावरून उडवतात. शिंगांना गेरू लावायचा, गळ्यात झेंडूची माळ घालायची, अंगणात पेंढा पेटवायचा आणि त्यावरून जनावरानं उडी मारायची. वर्षभराची रोगराई, इडापिडा त्यात जळून जाते. म्होरकी पारडी होती तेव्हा पहिल्या पाडव्याला ती विस्तवाला घाबरली, तर बाबा स्वतः तिच्याबरोबर पळत उडाले होते. धोतराचा सोगा जळला, त्यावरून आई अजून त्यांना चिडवते. तेव्हापासून बाबांनी "चल गो माये" म्हटलं की ती उडणार, आणि ती उडाली की बाकीच्या.

यात एक नियम होता. उडवण्याआधी दावं काढायचं. बांधलेलं जनावर विस्तवावर घालायचं नाही. उडी मारली की म्हशी मोकळ्याच खाजणात जायच्या आणि दुपारी आपापल्या परत यायच्या. नवं दावं मग गळ्यात पडायचं.

गेल्या पाडव्याला मी माहेरी होते. दादा बाबांना म्हणाला, "या वर्षी दावी राहू द्या. समोर ट्रॅफिक केवढं आहे."

"दावं ठेवून उडवू? माज्या बापानं नाय केला ते," बाबा म्हणाले. "तिला ठावं हाय, तिथं पत्रे हायत. नाय जायची ती."

त्यांनी दावी काढली. म्होरकी उडाली, आणि उडाली ती थेट रस्त्यावर. तिला पत्रे ठाऊक असतील, पण पाडवाही ठाऊक होता. या वेळी ती कडेला थांबली नाही. एका मोटारसायकलवाल्यानं ब्रेक मारला आणि तो घसरत लांब गेला. हात सोलवटला, बाकी वाचला. गाड्या थांबल्या, लोक मोबाइल काढून उभे राहिले. पलीकडे आमच्या सगळ्या म्हशी पत्र्यांना तोंडं लावून उभ्या होत्या, गळ्यांत झेंडूच्या माळा.

तो पोरगा भला होता. बाबांनी हात जोडले तर म्हणाला, "काका, असू द्या. पण मेलो असतो हो." यावर भांडायला काही नव्हतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी तरी भांडले असते.

संध्याकाळी दादा काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "बघ कोनी गिऱ्हाईक. फक्त सगळ्या एका दावनीला ऱ्हायला पायजेत."

कर्जतकडचा एक दूधवाला मिळाला. माणूस बरा वाटला, सगळ्या एकत्र न्यायला कबूल झाला. तो आला त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून कोपरखैरण्याहून सकाळीच पोचले. ट्रक अंगणाच्या उंच कडेला मागून लावला होता आणि मधे फळी टाकली होती. म्होरकीनं त्या फळीवर एक पाय ठेवला, फळी वाजली, तिनं पाय मागं घेतला. मग ती हलेना आणि ती हलेना म्हणून कुणीच हलेना. ट्रकबरोबरच्या माणसानं तिची शेपटी पिरगाळली. दुसऱ्यानं काठी उगारली.

"मारू नका," बाबा म्हणाले आणि गोठ्यात गेले. बाहेर आले ते कवळाभर पेंढा घेऊन. ओट्यावरच्या आईला माझ्याआधी कळलं. "आवो, नको," ती म्हणाली, पण हळूच.

बाबांनी पेंढा फळीच्या अलीकडे पसरला. म्होरकीच्या गळ्यातलं दावं काढलं. तिच्या कपाळावरून हात फिरवला, काडी ओढली आणि पेंढा धडधडला तसे म्हणाले, "चल गो माये."

ती उडाली. विस्तवावरून, फळीवरून, सरळ ट्रकमध्ये. तिच्या मागून एकेक करून सगळ्या गेल्या. दूधवाला खूश झाला. "चांगली शिकवलीय हो," म्हणाला आणि फाळका लावून घेतला.

ट्रक रस्त्याला लागला. मला रडू फुटलं आणि ते मी दाबलं नाही. आईनं तांब्याभर पाणी आणून धुमसत्या पेंढ्यावर ओतलं. बाबा दावं हातात घेऊन ट्रक गेला त्या बाजूला बघत होते.

"तिला वाटला, पाडवा हाय," ते म्हणाले.